मुलांच्या वाट्याचे कष्ट

मायेचा एक प्रकार असा आहे की, तो मनुष्याचे ओझे हलके करावयास जातो आणि त्याचे खांदेच दुबळे करून ठेवितो. शिक्षकाच्या पेशात ह्या मायेचे दर्शन आम्हांस नित्य घडते. गृहपाठाच्या वहीत चिरंजीवांऐवजी मातोश्रींचे वळणदार अक्षर दिसते. प्रयोगवही घरी राहिली तर वडील हातचे काम टाकून ती शाळेत आणून देतात. दोन मित्रांचे भांडण झाले की दुसऱ्या दिवशी दोन्ही घरची मंडळी मुख्याध्यापकांच्या खोलीत समोरासमोर बसलेली असतात, आणि भांडणारे ते दोन वीर मात्र तोवर मैदानावर एकाच चेंडूमागे धावत असतात!

ह्यात पालकांचा हेतू वाईट असतो असे कोण म्हणेल? इस्लामपूरच्या आसपासच्या खेड्यांतून पायी अथवा सायकलीने येऊन जे शिकले, त्यांस आपण सोसले ते मुलांनी सोसू नये असे वाटणे साहजिक आहे. परंतु तेच पालक चार माणसांत बसले म्हणजे अभिमानाने काय सांगतात? ती पायपीटच सांगतात. जी गोष्ट आपल्या आयुष्याचे भूषण वाटते, तीच मुलांच्या आयुष्यातून समूळ काढून टाकावयाची, हा व्यवहार आम्हांस उमगत नाही.

आमच्या वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक ह्या गावी कर्मवीर भाऊराव पाटील यांचे बालपणीचे वास्तव्य होते. त्यांनी 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली व 1924 साली सातारा येथे वसतिगृह काढिले. निरनिराळ्या जातिधर्मांची गरीब मुले तेथे एकत्र राहत. वसतिगृहात अन्नाची ददात पडली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, इतकेच नव्हे तर मंगळसूत्रही मुलांसाठी दिले, ही हकीगत सर्वश्रुत आहे. सौभाग्यलेणे द्यावयास जी माउली मागेपुढे पाहत नाही, तिच्या मायेविषयी शंका कोण घेईल? तरीही त्याच वसतिगृहातील मुले आपला स्वयंपाक आपण करीत, पाणी भरीत, शेतात राबत. पैशाची चणचण हे त्याचे एक कारण होतेच. परंतु पुढे संस्था वाढली तरी ‘कमवा व शिका’ ही रीत टिकली, ह्यावरून तो केवळ नाइलाज नव्हता हे उघड आहे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. मुलांची उपासमार लक्ष्मीबाईंनी आपल्या अंगावर घेतली. मुलांचे श्रम मात्र मुलांकडेच राहिले. सर्वच दुःखे मनुष्यास वाढवीत नाहीत. भूक, आजार, जातीवरून होणारा अपमान, थोराडांकडून होणारी मारहाण, ह्यांनी कोणाचेही कल्याण झालेले आम्ही पाहिलेले नाही. तेथे पालकांनी अवश्य धावावे, आणि शिक्षक हयगय करीत असतील तर त्यांसही जाब विचारावा. परंतु गणितात कमी गुण पडले, संघात निवड झाली नाही, जिवलग मित्र दुरावला, ही दुःखे ज्याची त्यानेच पचवावयाची असतात. पालकांनी त्या वेळी घरात असावे, ताट वाढून ठेवावे, विचारले तर बोलावे. हे धावाधाव करण्याहून कितीतरी कठीण आहे, हे आम्ही जाणतो.

विद्यार्थी मित्रहो, आपली वही आपण लिहावयाची तर प्रथम काही चुका लाल शाईने भरतील. भरू द्या. त्या तपासण्याचेच वेतन आम्हांस मिळते.

आणखी एक गोष्ट आमच्या मनात फार दिवस सलत आहे. जी मुलगी पहाटे उठून धुणीभांडी करून शाळेस येते, तिच्या कष्टांची चर्चा घरात सहसा होत नाही. परंतु पुढील शिक्षणासाठी कोल्हापुरास किंवा पुण्यास वसतिगृहात राहावयाचे नाव तिने काढताच, “पोरीचे हाल होतील,” असे सर्वांस एकाएकी आठवते! ह्या वर्षी दहावी होणाऱ्या आमच्या काही विद्यार्थिनींच्या घरी ह्याच प्रश्नाचा खल चालू आहे. त्या घरच्या वडील मंडळींनी निर्णय घेण्यापूर्वी तिला समोर बसवून तिचेही म्हणणे ऐकून घ्यावे, एवढी आमची त्यांस विनंती आहे.