पाच तारे आणि पिण्याचे पाणी

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. दुपारी एकच्या सुमारास दवाखान्याचे शटर ओढण्याच्या बेतात होतो, तोच मुंबईच्या क्रमांकाची एक गाडी दारात येऊन थांबली. मागच्या सीटवर सात-आठ वर्षांचा मुलगा आईच्या मांडीवर मलूल होऊन पडला होता. घरी परत निघाल्यापासून चार उलट्या आणि तीन जुलाब. तपासले, उलटीचे औषध दिले आणि चमच्याचमच्याने जलसंजीवनी पाजायला सांगितली. तासाभरात पोर हुशार झाले. तेवढ्या वेळात वडील समोरच्या बाकावर बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "डॉक्टर, फोर पॉइंट सेव्हन स्टार होते हो त्या रिसॉर्टला! दोनशे रिव्ह्यू वाचून बुकिंग केलं होतं."

मी विचारले, "त्या दोनशेत पिण्याच्या पाण्याबद्दल कोणी काही लिहिलंय का?" त्यांनी तिथेच मोबाईल काढून पुन्हा चाळून पाहिले. स्विमिंग पूल होता, धबधबा होता, पोपटी होती, मॅनेजरचा हसतमुख स्वभाव होता. पिण्याचे पाणी कुठेच नव्हते. मग ते जरा ओशाळून म्हणाले, "आम्हीपण पाच स्टार दिले सकाळी निघताना. काउंटरवरचा मुलगा फोन पुढे करून उभाच होता." आता बदलणार का, असे विचारले तर म्हणाले, "राहू द्या डॉक्टर, पोरगा चांगला होता बिचारा."

त्या मुलाचे पोट रिसॉर्टच्या पाण्याने बिघडले की वाटेत खाल्लेल्या वड्याने, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण त्या बापाचे शेवटचे वाक्य मात्र माझ्या मनात घर करून राहिले. अशाच भिडेपोटी दिलेले पाच तारे पुढच्या आठवड्यात दुसरा कोणी बाप वाचणार, आणि आपल्या मुलाबाळांना घेऊन तिथे जाणार.

वाचकहो, आपल्या कर्जत-खालापूरला हा विषय दोन्ही अंगांनी लागू आहे. एकीकडे आपण यजमान आहोत. माथेरान तर इंग्रजांच्या काळापासून आहेच. शिवाय उल्हास आणि पेज नद्यांच्या काठाने, भिवपुरी-कोंदिवडे भागात आणि खोपोलीच्या आसपास फार्महाऊस, होमस्टे, रिसॉर्ट पुष्कळ झाले. २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाल्यावर त्या बाजूची वर्दळ आणखी वाढली. दुसरीकडे आपणही मे महिन्यात मुलाबाळांना घेऊन महाबळेश्वर, गणपतीपुळे, गोवा गाठतो, आणि जाण्यापूर्वी मोबाईलवर तारे मोजतो. तेव्हा हे अभिप्राय कसे वाचावेत, यावर एका डॉक्टरने लिहिले तर ते अस्थानी ठरू नये.

आमच्या व्यवसायात रुग्ण जे सांगतो, ते आम्ही मन लावून ऐकतो. पण "पोटात दुखतंय" एवढ्यावर कोणी औषध लिहून देत नाही. कोणाला दुखते, केव्हापासून दुखते, नेमके कुठे दुखते, हे विचारल्याशिवाय निदानाकडे पाऊल पडत नाही. हॉटेलचा अभिप्राय म्हणजे अशीच एक सांगितलेली हकीकत. तिलाही हेच तीन प्रश्न विचारायचे. कोण सांगतो आहे, केव्हाचे सांगतो आहे आणि त्याने नेमके काय पाहिले?

पहिला प्रश्न विसरल्याची शिक्षा मी स्वतः भोगली आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही आईला घेऊन तळकोकणात गेलो होतो. आई तेव्हा सत्तरीच्या पुढची, दोन्ही गुडघे झिजलेले. मुक्कामाच्या जागेचे सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केले होते. पोहोचल्यावर कळले, खोल्या टेकडीच्या उतारावर आणि जेवणघर खाली. मध्ये साठ-पासष्ट पायऱ्या, त्याही कठड्याशिवाय. तीन दिवस आई खोलीतच जेवली आणि समुद्र तिने खिडकीतूनच पाहिला. घरी येऊन मी ते अभिप्राय पुन्हा वाचले, तर बहुतेक सगळे कॉलेजच्या मुलांचे. पायऱ्या त्यांनी लिहिल्या नव्हत्या, कारण त्यांना त्या जाणवल्याच नव्हत्या. त्यांनी खोटे काहीच लिहिले नव्हते. चूक माझी होती. किती लोक वाखाणतात ते मी पाहिले, ते लोक कोण आहेत हे पाहिले नाही. आपल्यासारखे, म्हणजे म्हातारे माणूस किंवा तान्हे मूल बरोबर असलेले कुटुंब ज्यांनी नेले आहे, त्यांचे पाच अभिप्राय शोधून वाचावेत. ते इतरांच्या शंभरांपेक्षा कामाचे.

दुसरा प्रश्न केव्हाचा. आपल्याकडे जुलैत डोंगर हिरवागार असतो आणि कड्याकड्यावरून धबधबे कोसळत असतात. मे महिन्यात त्याच जागी कोरडा कातळ असतो आणि पारा चाळिशीच्या पुढे जातो. जुलैतले कौतुक वाचून मे महिन्यात येणारा पाहुणा फसतो, पण त्याला फसवले कोणीच नसते. याच्या उलट गोष्ट अधिक धोक्याची. थंडीत नदीकाठच्या खोलीत राहून गेलेला माणूस मोठ्या आनंदाने लिहितो, "पावलांपाशी नदी." तीच उल्हास पावसाळ्यात काय करते, हे आपल्याला माहीत आहे. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस हजारावर प्रवाशांसह वांगणीजवळ पुराच्या पाण्यात अडकली होती, ती याच नदीच्या पुरात. म्हणून ज्या महिन्यात आपण जाणार, त्याच महिन्याचे आणि शक्यतो गेल्या वर्षभरातले अभिप्राय पाहावेत. मालक बदलतो, आचारी बदलतो, पाण्याची टाकी वर्षानुवर्षे धुतली जात नाही. चार वर्षांपूर्वीचे तारे आज कामाचे नाहीत.

तिसरा प्रश्न, काय पाहिले? "अप्रतिम, लाजवाब, पैसा वसूल" असे लिहिणाऱ्याने काहीच सांगितलेले नसते. "रात्री दोनदा वीज गेली, जनरेटर दहा मिनिटांनी सुरू झाला, पण गादीला ओल होती," असे लिहिणारा माणूस तिथे खरोखर राहिलेला असतो. माझा अनुभव असा, की पाच तारेवाले आणि एक तारावाले दोन्ही बाजूला ठेवून तीन तारेवाल्यांना आधी वाचावे. पाचवाल्याला बहुधा भीड असते, एकवाल्याला राग असतो. तीनवाला सहसा हिशेब मांडून लिहितो. आणि तीन वेगवेगळ्या माणसांनी तीन वेगवेगळ्या महिन्यांत एकच तक्रार केली असेल, तर ती खरी धरावी.

आता खोट्या ताऱ्यांविषयी. खालापूर बाजूला छोटा होमस्टे चालवणारा एक तरुण माझा जुना रुग्ण आहे. रक्तदाब तपासायला आला असताना तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, फोन येतात. पन्नास रिव्ह्यू पाहिजेत का, म्हणून रेट सांगतात. शेजाऱ्याने घेतले असतील तर मी काय करू?" त्याची झोप कशाने उडाली, ते मला त्या दिवशी कळले. हा बाजार जगभर आहे, कारण ताऱ्यांत पैसा आहे. हार्वर्डच्या मायकेल लुका यांनी २०११ साली अमेरिकेतील सिएटल शहरातील उपाहारगृहांचा अभ्यास केला, तेव्हा एका ताऱ्याच्या वाढीने उत्पन्न पाच ते नऊ टक्के वाढते असे दिसले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अमेरिकन अभ्यासात हॉटेलांची तुलना झाली. एका संकेतस्थळावर कोणीही अभिप्राय लिहू शकत होता, तर दुसऱ्यावर फक्त पैसे भरून राहिलेला ग्राहक. ज्या हॉटेलांच्या शेजारी स्पर्धक हॉटेल होते, त्यांच्याविषयी पहिल्या ठिकाणी वाईट अभिप्राय तुलनेने जास्त आढळले. यावरून काय समजायचे ते सुज्ञांस सांगायला नको. आणि २०१७ साली तर लंडनमध्ये ऊबा बटलर नावाच्या पत्रकाराने आपल्या परसातल्या शेडला उपाहारगृह म्हणून नोंदवून, मित्रांकडून खोटे अभिप्राय लिहवून घेऊन, ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर शहरात पहिला क्रमांक मिळवून दाखवला. तिथे तोवर एकही गिऱ्हाईक जेवले नव्हते!

आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आय.एस. १९००० हे मानक काढले. अभिप्राय लिहिणारा खरा आहे याची खातरजमा करावी, पैसे देऊन लिहवून घेतलेले अभिप्राय छापू नयेत, असा त्याचा रोख. पण ते निघाले तेव्हा पाळणे ऐच्छिक होते. तेव्हा भिस्त आपल्याच डोक्यावर ठेवावी. फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लक्षात ठेवावा.

पण समजा, सगळे अभिप्राय अगदी खरे आहेत. तरीसुद्धा एक गोष्ट ते सांगू शकत नाहीत, आणि माझ्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची. तारे दिले जातात निघताना किंवा दुसऱ्या दिवशी. दूषित पाण्याचे आजार इतके घाईचे नसतात. टायफॉईडचा ताप साधारण एक ते तीन आठवड्यांनी चढतो. पाण्यातून होणारी कावीळ तर दोन आठवड्यांपासून सहा-सात आठवड्यांपर्यंत केव्हाही दिसते. डेंग्यूचा डास चावल्यावर ताप यायला चार ते दहा दिवस जातात. चिखलपाण्यातून होणारा लेप्टो बहुधा एक-दोन आठवडे घेतो. म्हणजे डोळे पिवळे होतात, तेव्हा सहल विसरलेली असते, फोटो पाठवून झालेले असतात आणि पाच तारे कधीच देऊन झालेले असतात. कावीळ झालेला माणूस "काल काय खाल्ले" ते आठवतो; महिन्यापूर्वीचा रिसॉर्टचा जग त्याला आठवत नाही. त्यामुळे अभिप्रायांत आजार दिसत नाहीत. तक्रार नाही याचा अर्थ पाणी शुद्ध आहे, असा होत नाही.

म्हणून तारे पाहून झाल्यावर एक जुनी गोष्ट करावी. सरळ फोन लावावा आणि विचारावे. पिण्याचे पाणी कुठून येते, विहीर, बोअर की टँकर? त्याची तपासणी शेवटची केव्हा झाली? पोहण्याच्या तलावावर जीवरक्षक असतो का, आणि किती वाजेपर्यंत? तलावाला कुंपण आहे का? पाणी निळे दिसते म्हणून खूश होऊ नये; निळी असते ती फरशी. आणि हे नीट लक्षात ठेवावे, की बुडणारे लहान मूल बहुधा ओरडत नाही, आणि प्राणवायूविना चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा सुरू होते. तेव्हा जीवरक्षक असला, तरी आपल्यापैकी एकाने मोबाईल खिशात ठेवून काठावर बसलेच पाहिजे.

पुढचा प्रश्न, रात्री गाडी दारापर्यंत येते का आणि जवळचे सरकारी रुग्णालय किती मिनिटांवर आहे? आपला डोंगराळ मुलूख साप-विंचवांचा. आपल्याच जिल्ह्यातील महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर केलेले काम जगाने मान्य केले. अशा दंशांत उपचार लवकर मिळणे हाच खरा उतारा. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. पण रुग्णवाहिकेला फार्महाऊस सापडले पाहिजे आणि फोनला रेंज असली पाहिजे. या प्रश्नांना जो मालक न चिडता, न अडखळता उत्तरे देतो, त्याच्याकडे जावे, मग तारे चार का असेनात. जो म्हणतो, "सर, टेन्शन घेऊ नका, या तर खरं," त्याच्याकडे जाताना दहा वेळा विचार करावा.

आमच्या यजमान मंडळींनाही दोन शब्द. पन्नास खोटे तारे विकत घेण्यापेक्षा टाकी धुवा, पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि तो अहवाल काउंटरवर लावा. त्याचा फोटो जागेच्या फोटोंत टाका. खर्च फार नाही, आणि मुलाबाळांचे कुटुंब तो कागद ताऱ्यांच्या आधी पाहील. निघणाऱ्या पाहुण्यापुढे फोन धरून उभे राहू नका. भिडेचा तारा शेवटी तुमच्याही कामाचा नाही. काय सुधारायला हवे, ते त्यातून तुम्हाला कळत नाही.

आणि प्रवाशांनो, आपणही जरा थांबून लिहावे. घरी येऊन पंधरा दिवस, महिना जाऊ द्या. सगळे धडधाकट असतील तर मग तारे द्या, आणि बरोबर कोण होते, कोणत्या महिन्यात गेलो, पायऱ्या किती, पाणी कोणते, एवढे जरूर लिहा. जे खटकले, तेही शांतपणे लिहा. पोरगा चांगला होता, हेही लिहा की! पण मुलाला उलट्या झाल्या असतील, तर तेही लिहा.

ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असे आपली जुनी माणसे सांगत आली. डॉक्टर म्हणून मी त्यात एवढीच भर घालीन, की जनाचे ऐकताना तो जन कोण, हे आधी विचारावे. आणि पिशवीत आठवणीने जलसंजीवनीच्या चार पुड्या टाकाव्यात.