घरची मोटार: शाबासकीबरोबर मोजपट्टीही हवी

‘अमक्या गावच्या कारागिराने भंगारातून मोटार बनविली’ अशी बातमी अधूनमधून आपल्या वाचनात येते. बातमीत छायाचित्र असते, खर्चाचा आकडा असतो, गावकऱ्यांनी केलेल्या सत्काराची हकीकत असते. त्या मोटारीचा सांगाडा, म्हणजे तिची चेसिस, किती पीळ सहन करते हे मात्र कोणी विचारत नाही. माझ्या मते हा प्रश्न न विचारणे हा त्या कारागिरावर अन्यायच आहे. त्याचे काम गंभीरपणे घ्यायचे असेल, तर ते मोजले पाहिजे.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांचे उदाहरण घ्या. जुन्या सुट्या भागांपासून त्यांनी एक छोटी चारचाकी तयार केली. खर्च सुमारे ६०,००० रुपये. दुचाकीसारखी किक मारून ती सुरू होई. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे जाहीर कौतुक केले. पण ही गाडी नियमांत बसत नाही व आज ना उद्या ती अडविली जाईल, हेही त्यांनी सांगितले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार यांना मिळाली. यापूर्वी कितीतरी वर्षे, १९४९ साली, इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी छोट्या मोटारीचा नमुना बांधला होता. पुढे ‘मीरा’ या नावाने ते ती सुधारत राहिले. परंतु कारखान्यातून तिचे उत्पादन झाले नाही. या दोन प्रयत्नांत सत्तर वर्षांचे अंतर आहे. तरीही घरी बांधलेली गाडी तपासून ‘येथे मजबूत आहे, येथे कच्ची आहे’ असे सांगणारी सोय सामान्य कारागिराच्या हाताशी आजही नाही.

आता पीळ म्हणजे काय ते पाहू. गाडीचे पुढचे डावे चाक दगडावर चढले की तो कोपरा वर उचलला जातो. बाकीचे तीन कोपरे खालीच राहतात. ओला कपडा पिळावा तसा सांगाडा पिळला जातो. तो सहज पिळला जात असेल तर चाकांचे कोन बदलतात, सुकाणू नीट ऐकत नाही आणि वेल्डिंगच्या सांध्यांना हळूहळू तडे जाऊ लागतात. म्हणून सांगाड्याची खरी परीक्षा तो किती वजन उचलतो एवढ्यावर होत नाही. तो पिळाला किती विरोध करतो, हेही पाहावे लागते.

एक सोपा प्रयोग करा. जाड कागदाच्या दोन सारख्या नळ्या करा. एकीची कड लांबीभर डिंकाने चिकटवा, दुसरीची तशीच मोकळी ठेवा. आता दोन्ही पिळून पाहा. चिकटवलेली नळी हट्टाने विरोध करील, मोकळी नळी मुकाट्याने वळेल. पोलादाचेही असेच आहे. ५० मिलिमीटर व्यासाची आणि २ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची नळी लांबीभर चिरली, तर पिळाला होणारा तिचा विरोध चारशे पटींहून अधिक कमी होतो. धातू तोच, वजन जवळजवळ तेच. फक्त एक फट पडली! भंगारात अँगल आणि चॅनेल स्वस्त मिळतात म्हणून बंद चौकोनी पाइपाऐवजी तेच वापरणाऱ्याने हे ध्यानात ठेवले पाहिजे. जुन्या सांगाड्यात फेरफार करताना वायर नेण्यासाठी पाइपाला लांब चीर पाडणाऱ्यानेही!

सांगाड्याची दृढता मोजायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. इंजिन बसविण्यापूर्वी सांगाड्याची मागची बाजू भक्कम आवळावी. पुढची बाजू बरोबर मध्यावर एकाच गजावर टेकवावी. पुढे आडवी तुळई बांधून मध्यापासून १ मीटर अंतरावर २० किलोग्रॅम वजन टांगावे. पिळाचे परिबल २० × ९.८ × १, म्हणजे १९६ न्यूटन-मीटर झाले. समजा, सांगाड्याचा पुढचा कोपरा मध्यापासून अर्ध्या मीटरवर आहे आणि तो ५ मिलिमीटर खाली गेला. ५ ला ५०० ने भागले की ०.०१ रेडियन, म्हणजे सुमारे ०.५७ अंश, एवढा कोन मिळतो. १९६ ला ०.५७ ने भागा: सुमारे ३४४ न्यूटन-मीटर दर अंशास. आजच्या कारखानी मोटारींत हा आकडा सहसा दहा हजारांच्या पुढे असतो. ही तुलना कोणाला खिजविण्यासाठी नाही. आडवा किंवा तिरपा पाइप जोडून पुन्हा मोजले की सुधारणा किती झाली ते कळते. अंदाजाने लोखंड वाढवीत बसावे लागत नाही. हा प्रयोग शिक्षकांच्या किंवा जाणत्या कारागिराच्या देखरेखीखालीच करावा, हे सांगायला नकोच.

‘एवढी कटकट कशाला? कायदाच सैल करा,’ असे काहीजण म्हणतील. मला हे पटत नाही. रस्त्यावर आपण एकटे नसतो; समोरून सायकलवर शाळकरी मूल येत असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितले, की उत्पादकाने ठरविलेल्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार वाहनात करता येणार नाही. नव्या प्रकारच्या वाहनाचा नमुनाही पुण्याच्या ए.आर.ए.आय.सारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. हे योग्यच आहे. परंतु ही व्यवस्था हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यांसाठी आखलेली आहे. एकच गाडी बांधणाऱ्या माणसाला ती झेपणारी नाही.

ब्रिटनमध्ये १९५७ साली लोटस कंपनीने आपली ‘सेव्हन’ ही मोटार आणली. सुटे भाग घेऊन ती घरच्या गॅरेजमध्ये जोडता येत असे. अशा ‘किट’ मोटारींची तेथे मोठी परंपरा आहे. म्हणून तेथे घरी बांधलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होते आणि उत्तीर्ण झालेल्या गाडीचीच नोंदणी होते. कायदा सैल न करताही वाट काढता येते, ती अशी. आपल्याकडे एस.ए.ई. इंडियाच्या ‘बाहा’ स्पर्धेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी एका आसनाची गाडी बांधतात. तेथेही तपासनिसांनी सांगाडा पाहून मान्य केल्याशिवाय गाडी धावू देत नाहीत.

हे काम छत्रपती संभाजीनगरात सुरू का होऊ नये? या शहराजवळ वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली उभा राहिला. शेंद्र्याला २००१ साली स्कोडाच्या मोटारींची जुळणी सुरू झाली. येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तंत्रनिकेतन आहे, वेल्डिंगची असंख्य दुकाने आहेत. तरीही येथल्या दहावीच्या किती विद्यार्थ्यांनी मोटारीचा उघडा सांगाडा जवळून पाहिला असेल? महाविद्यालयांनी महिन्यातून एक दिवस आपली कार्यशाळा परिसरातील हौशी कारागिरांसाठी उघडावी. नाममात्र शुल्क घेऊन सांगाड्याचे कर्ण, सांधे आणि पिळाची दृढता तपासून लेखी चिठ्ठी द्यावी. ती चिठ्ठी म्हणजे रस्त्यावर गाडी चालविण्याचा परवाना नव्हे, हे तिच्यावरच छापावे. शाळांनी नववी-दहावीचे विद्यार्थी त्या दिवशी तेथे न्यावेत. परिबलाचा धडा त्यांना वेगळा शिकवावा लागणार नाही.

असे झाले तर पुढच्या वेळी ‘भंगारातून मोटार’ ही बातमी येईल तेव्हा खर्चाच्या रुपयांशेजारी आणखी एक आकडा छापलेला दिसेल: दर अंशास इतके न्यूटन-मीटर. तो आकडा वाचून मगच टाळ्या वाजवाव्यात.