पुठ्ठ्याच्या घरात चूल कुठे आहे?

गेल्या मे महिन्यात माझा चौदा वर्षांचा भाचा साताऱ्याहून एसटीनं पुण्याला आला, तेव्हा त्याच्या मांडीवर मिक्सरचा रिकामा खोका होता. खोक्यात एक गाव होतं. थर्माकोलच्या दोन टेकड्या, पुठ्ठ्याची चार घरं, आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल आणि नारळाच्या काथ्याचं गवत. सोबतच्या डब्यात रुमालात गुंडाळलेले बावीस शिपाई. त्यातले काही मी आणून दिलेले, बाकीचे जत्रेतल्या स्वस्त प्लॅस्टिकच्या पाकिटातले. रंगवले मात्र सगळे त्यानंच.

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्याला टेबलटॉप वॉरगेमिंग म्हणतात. साधारण सहा फूट बाय चार फुटांचं टेबल, त्यावर अंगठ्याएवढे शिपाई, हातात इंचांची पट्टी आणि फासे. शिपाई किती चालला ते पट्टीनं मोजायचं, वार लागला की नाही ते फाशांनी ठरवायचं. फँटसी प्रकारात माणसांच्या जोडीला राक्षस, जादूगार, उडते सर्प असतात. टेबलावरच्या टेकड्या, घरं, नदी, झाडी यांना टेरेन म्हणतात. भिंतीआडच्या शिपायावर नेम धरणं अवघड, चढावर चाल कमी. म्हणजे अर्धा खेळ शिपायांत असतो आणि अर्धा जमिनीत.

मी भाच्याला घेऊन एका गेमिंग कॅफेत गेलो. रविवारची दुपार होती, स्पर्धा वगैरे काही नव्हती, दोन टेबलं रिकामी होती. काउंटरवरच्या तरुणानं खोक्यात डोकावून पाहिलं आणि अगदी नम्रपणे सांगितलं, की इथं विकतचंच टेरेन चालतं आणि शिपाईही ठरावीक कंपनीचेच लागतात. वर म्हणाला, "छान केलंय, पण हे क्राफ्ट झालं. हॉबी वेगळी." परतताना गाडीवर मागं बसलेला भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामू, वो बोले ये क्राफ्ट है."

त्या तरुणावर माझा राग नाही. त्याला जे शिकवलं गेलं तेच तो बोलला. माझं भांडण त्या शिकवणीशी आहे. घरी बनवलेलं म्हणजे परवडत नाही म्हणून केलेली तडजोड, आणि विकत आणलेलं तेच अस्सल, ही समजूत या छंदाच्या मुळावर उठलेली आहे. आणि ती छंदाच्या इतिहासालाही धरून नाही.

एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये 'लिटल वॉर्स' हे छोटं पुस्तक लिहिलं. खेळण्यातल्या शिपायांची लढाई नियमांनी कशी खेळायची, हे सामान्य वाचकाला सांगणारं ते पहिल्या काही पुस्तकांपैकी एक. त्यातली रणभूमी कुठल्या दुकानातून आलेली नव्हती. लाकडी ठोकळे, पुठ्ठा, झाडांच्या डहाळ्या आणि घरातली जमीन, एवढ्यावर मोठी माणसं गुडघे टेकून खेळत होती. पुढे अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि त्यांच्या मित्रांनी फँटसी लढाया खेळायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्याकडे राक्षसांचे पुतळे नव्हते. त्यांनी स्वस्त प्लॅस्टिक खेळण्यांची पाकिटं आणली. त्यातल्या ओळखू न येणाऱ्या विचित्र प्राण्यांवरून रस्ट मॉन्स्टर आणि आउलबेअर जन्माला आले. 1974 साली आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चे ते आज नावाजलेले राक्षस आहेत. जत्रेतलं पाकीट माझ्या भाच्याच्या आधी त्यांनी फोडलं होतं.

आज या क्षेत्रातली सर्वांत मोठी कंपनी इंग्लंडच्या नॉटिंगहॅममधली गेम्स वर्कशॉप. 1975 मध्ये लंडनमध्ये तीन मित्रांनी ती सुरू केली तेव्हा त्यांचा माल काय होता? हातानं बनवलेले लाकडी पट! तिचा 'वॉरहॅमर' 1983 मध्ये आला. त्यानंतरच्या काळात तिच्याच मासिकात डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून उडता रणगाडा कसा करायचा हे शिकवलं जात होतं. 1996 मध्ये या कंपनीनं घरच्या घरी टेरेन कसं बनवावं यावर अख्खं पुस्तक काढलं. डिसेंबर 2024 मध्ये ही कंपनी लंडन शेअर बाजाराच्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या यादीत गेली. तिच्या कारागिरांचं काम देखणं असतं, हे मी मोकळ्या मनानं मान्य करतो. मीही त्यांचे शिपाई घेतलेत. पण ज्या झाडाला ही फळं लागली त्याची मुळं पुठ्ठ्यात आणि फेव्हिकॉलमध्ये आहेत. ती मुळं दाखवणाऱ्या मुलाला दारातून परत पाठवणं हा अडाणीपणा आहे.

पैशाचा मुद्दा उघड आहे. परदेशातून येणारी दहा-वीस शिपायांची एक पेटी आपल्याकडे काही हजारांना पडते. सैन्य उभं करायला अशा अनेक पेट्या, आणि वर विकतची टेकडी. 'विकतचंच चालेल' या पाटीचा खरा अर्थ 'अमुक घरांतल्या मुलांनी येऊ नये' असा होतो. तो नम्रपणे सांगितला म्हणून बदलत नाही. तरी माझा मुख्य मुद्दा पैशाचा नाही. उद्या हे सगळं फुकट वाटलं तरी मी घरच्या टेरेनचीच बाजू घेईन. का, ते माझ्या आपानं मला शिकवलं.

मी टेरेन करायला लागलो तेव्हा फक्त पडकी घरं करायचो. त्याला कारण होतं. पडकं घर सोपं असतं. छप्पर नको, आतलं काही नको, दोन तुटक्या भिंती उभ्या केल्या की झालं, आणि शिपाई आत ठेवायलाही सोयीचं. बाजारातही फँटसी आणि भविष्यातल्या युद्धांसाठी ढिगानं अवशेषच मिळतात. एका ईदला आपा घरी आली होती. मी टेबलावर भिंतीचा तुकडा वाळत ठेवला होता. थर्माकोलवर थेट स्प्रेचा रंग मारला तर तो विरघळतो, म्हणून आधी काळा रंग आणि फेव्हिकॉल यांचा लेप, त्यावर राखाडी, मग जवळजवळ कोरड्या ब्रशनं कडांवर पांढरट फटकारे. दगड हुबेहूब दिसत होता. मी कौतुकाची वाट पाहत होतो. आपा वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "चूल्हा किधर है इसमें?"

मी हसलो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. पुढचं घर करताना मी चूल केली. माठाच्या खापरीचे तीन तुकडे आणि चहाच्या चोथ्याची राख. चूल आली म्हणून धुराला वाट ठेवावी लागली. मग पाण्याचा विचार आला, म्हणून अंगणात विहीर. विहिरीपर्यंत पायवाट. दोरीवर वाळणारे कपडे. छप्पर उचलून बाजूला ठेवता येईल असं केलं. चार इंचांच्या त्या घरात कोण राहतं, किती जण राहतात, हे मला माहीत झालं. त्यानंतर जेव्हा आम्ही खेळलो आणि मित्राच्या तोफेचं तोंड त्या घराकडे वळलं, तेव्हा मी पहिल्यांदा खेळातला नियम अडवला. नियमपुस्तकात घर म्हणजे आडोसा, दुसरं काही नाही. त्या घराला आडोसा म्हणायला माझी जीभ वळेना.

इथं विकतच्या आणि घरच्या टेरेनमधला खरा फरक आहे. विकतचं घर आडोसा म्हणूनच जन्माला येतं. घरच्या टेरेनमध्ये हाताला प्रश्न पडत जातात, कारण प्रत्येक भिंत कुठं संपते हे तुम्हालाच ठरवायचं असतं. कुणी म्हणेल, घरी बनवणारेही अवशेषच बनवतात. खरं आहे, मीही बनवत होतो. पण हातानं बनवणाऱ्याला कुणीतरी येऊन चूल कुठंय विचारू शकतं आणि तो पुढच्या वेळी करू शकतो. साच्यातून आलेल्या प्लॅस्टिकला विचारून काय उपयोग?

माझ्यासारख्या माणसाला हा प्रश्न जास्त टोचतो, त्याचं कारणही सांगून टाकतो. परदेशी टेरेन विकणाऱ्यांच्या यादीत 'मिडल ईस्ट' असा विभाग सर्रास असतो. सपाट गच्चीची घरं, कमानी, एखादा घुमट. जगात लाखो लोक ज्या घरांत रोज भात शिजवतात, ती घरं रणभूमीचं सामान म्हणून तयार मिळतात. फँटसीही यातून सुटत नाही. वॉरहॅमरच्या कल्पित नकाशावर दक्षिणेला 'अॅरबी' नावाचा वाळवंटी मुलूख आहे. तिथं सुलतान, जिन्न, उडते गालिचे आणि उंटस्वार, आणि त्यांच्यावर चालून जाणारे उत्तरेचे सरदार. टोल्किनच्या कथेत दक्षिणेतून हत्तींसह येणारे हॅराड्रिम शत्रूच्या बाजूनं लढतात. 2001 पासून त्या कथेवरचा वॉरगेम निघाला, त्यात त्यांचेही पुतळे आले. गंमत अशी की टोल्किनच्या पुस्तकात सॅम हा साधा माळी त्यांच्यातला एक मेलेला सैनिक पाहतो आणि मनाशी विचारतो, की याचं नाव काय असेल, हा खरंच दुष्ट होता का. खेळात हा प्रश्न नाही. तिथं त्या शिपायाची फक्त गुणांत किंमत लिहिलेली असते.

हे पुतळे बंद करा, असं मी मुळीच म्हणत नाही. मी ते विकत घेतो आणि रंगवतो. आधी काळं अस्तर, मग कपड्यांचे मूळ रंग, मग खाचांत उतरणारा पातळ काळपट रंग, मग उंचवट्यांवर उजळ रेघा आणि शेवटी चेहरा. त्या चेहऱ्यावर डोळे काढायला श्वास रोखावा लागतो. माझ्या एका हॅराड्रिम शिपायाच्या कमरेच्या कापडावर मी अब्बूंच्या लुंगीच्या निळ्या चौकड्या काढल्या. दोन संध्याकाळी गेल्या. सॅमचा प्रश्न खेळानं गाळला, पण ब्रश हातात असलेल्या माणसाला तो गाळता येत नाही. रंगवलेले, तयार, मोजून पाकिटात घातलेले शिपाई घेणाऱ्याला ती संधीच मिळत नाही.

आता थोडं आमच्या बाजूच्या मंडळींशी. मोहल्ल्यातले एक बुजुर्ग मला म्हणाले होते, की माणसांचे आणि जनावरांचे पुतळे करणं आपल्यात बसत नाही, तू शिकलेला माणूस असून हे काय करतोस. मी मुफ्ती नाही, फतवा देणार नाही. पण 'सुनन अबू दाऊद'मध्ये हजरत आयशांच्या बाहुल्यांचा प्रसंग आहे. त्या खेळण्यांत कापडाच्या चिंध्यांचे दोन पंख लावलेला एक घोडा होता. पैगंबरांनी विचारलं, घोड्याला पंख कसे? आयशांनी सुलेमानांच्या पंखवाल्या घोड्यांचं नाव काढलं, आणि पैगंबर दात दिसेपर्यंत हसले. चिंध्यांचा, घरी केलेला, पंखांचा घोडा! ज्या घरात त्याच्यावर हसू उमटलं, त्या घराचं नाव घेऊन पोराचा खोका कुणी हिसकावू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि मराठी वाचकाला तर हे सगळं समजावून सांगायची गरजच पडू नये. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आम्ही दर दिवाळीला किल्ला करायचो. आमच्या गल्लीत देशपांडे होते, जाधव होते, शेख होतो. दगड-विटांवर पोतं टाकायचं, वरून चिखल, त्यावर हळीव पेरायचे, चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा. महाराज सिंहासनावर, मावळे बुरुजांवर. पण गडाच्या पायथ्याशी काय असायचं आठवतं? विहीर. डोक्यावर घागरी घेतलेल्या बायका. शेतकरी, बैलजोडी, वासुदेव, भाजीवाली. कुठल्याही मोठ्या माणसानं सांगितलं नव्हतं, तरी पायथ्याला गाव नसलेला गड आमच्यापैकी कुणीच केला नाही. गड कुणासाठी आहे हे पोरांना कळत होतं. आता बाजारात तयार किल्ले मिळतात, उचलून अंगणात ठेवायचे. त्यातल्या बऱ्याच किल्ल्यांना पायथाच नसतो. कॅफेतल्या टेबलावरचं प्लॅस्टिकचं टेरेन आणि हे तयार किल्ले एकाच घरातले भाऊ आहेत.

म्हणून कॅफे आणि क्लब चालवणाऱ्यांना माझं उघड सांगणं आहे. स्पर्धेला हवे ते नियम ठेवा. पण रोजच्या खेळासाठी निदान एक टेबल असं असू द्या, जिथं शिपाई कुठल्या कंपनीचा हे कुणी विचारणार नाही. उलट नव्या खेळाडूला सांगा, की येताना स्वतः केलेली एक तरी वस्तू घेऊन ये. झाड चालेल, कुंपण चालेल. खराट्याच्या काड्या, चाळलेली वाळू, लाकडाचा भुसा प्रत्येक घरात किंवा घराजवळ मिळतो.

तोवर आमच्या हॉलमधल्या जेवणाच्या टेबलावर रविवारी खेळ चालू आहे. भाच्याचं गाव त्यानं माझ्याकडेच ठेवलंय. आम्ही एक नियम वाढवलाय: ज्या घरात चूल आहे ते घर पाडलं, तर जिंकलेले गुण निम्मे होतात. या एका नियमानं खेळ खूप अवघड झालाय. पूर्वी सरळ मधून जाणारं सैन्य आता टेकडीला वळसा घालून जातं, पुलावर गर्दी होते, डोकं जास्त चालवावं लागतं. मागच्या वेळी भाचा हरला. साताऱ्याला परतताना मात्र पुढच्या खेपेसाठीची तयारी त्यानं सांगून ठेवली: चारांपैकी दोन घरांत अजून चूल नाही, ती करायचीय.