शुद्ध पाणी कशाला म्हणावे?

आखाती देशांत उदरनिर्वाहासाठी आलेल्या आपल्या कुटुंबांत मुलांच्या शिक्षणाविषयी जेवढी आस्था आहे, तेवढी अन्य कशाविषयीही नसेल. घरखर्चात काटकसर करू, परंतु शाळेची फी आणि शिकवणीचे पैसे थकू देणार नाही, ही आपली रीत आहे. ही आस्था अभिमानास्पदच होय. तथापि रसायनशास्त्रासारख्या विषयाकडे आपण ज्या दृष्टीने पाहतो ती बदलावयास हवी, असे आम्हांस वाटते. संज्ञा, सूत्रे आणि समीकरणे पाठ करावयाची, गुण मिळवावयाचे आणि परीक्षा संपताच विसरून जावयाचे, असा हा विषय होऊन बसला आहे. मुलास पाण्याचे सूत्र 'एच-टू-ओ' असे बिनचूक लिहिता येते. परंतु घरातील नळाचे पाणी कोठून येते आणि त्यात काय काय विरघळलेले आहे, हे त्यास सांगता येत नाही. रसायनशास्त्राचा पहिला धडा पाण्यापासून सुरू व्हावा आणि तो घरातच व्हावा, असे आमचे मत आहे.

पाणी हे मूलतत्त्व आहे, असे मानवाने हजारो वर्षे मानले. प्राचीन ग्रीकांनी तसे मानले. आपल्याकडील पंचमहाभूतांत ते होते आणि पाली वाङ्मयातील चार महाभूतांतही 'आपो' आहेच. १७८३ साली फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिए याने पाणी हे मूलद्रव्य नसून हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे संयुग आहे, असे प्रतिपादन केले. अठरा ग्रॅम पाण्यात दोन ग्रॅम हायड्रोजन आणि सोळा ग्रॅम ऑक्सिजन असतो. हे पाणी समुद्राचे असो, विहिरीचे असो वा पावसाचे, त्यातील हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे वजनी प्रमाण १:८ असेच राहते. यालाच स्थिर प्रमाणाचा नियम म्हणतात.

या नियमाचा अर्थ आपल्या मुलांना इतरांपेक्षा अधिक खोलवर समजावा. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या हजारो अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर तेथील सनातन्यांनी तळे बाटले असे ठरवून, शेण, गोमूत्र, दूध व दही घातलेल्या १०८ घागरी मंत्रोच्चारांत तळ्यात रिकाम्या केल्या आणि तळे 'शुद्ध' झाल्याचे जाहीर केले. रसायनशास्त्राला येथे एकच प्रश्न विचारता येतो : पाण्यात कोणता पदार्थ वाढला आणि किती? ओंजळीने पाणी घेणाऱ्याच्या जातीमुळे पाण्याच्या एकाही रेणूत बदल झाला नव्हता. त्या घागरींमुळे मात्र तळ्यात सेंद्रिय पदार्थांची भर निश्चितच पडली. शुद्धाशुद्धतेचा निवाडा पोथीने न करता मोजमापाने करावा, ही शिकवण रसायनशास्त्राच्या पहिल्याच प्रकरणात आहे. ती केवळ गुणांसाठी घोकली, तर तिचे मोलच उरत नाही.

हे मोजमाप शिकण्यास संयुक्त अरब अमिरातीइतके सोयीचे स्थळ क्वचितच सापडेल. येथील पिण्याच्या पाण्याचा फार मोठा भाग समुद्राच्या पाण्यापासून तयार होतो. महासागराच्या एक लिटर पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. आखातात हे प्रमाण ४० ग्रॅमांहून अधिक असते. जेबेल अलीसारख्या ठिकाणच्या कारखान्यांत हे पाणी तापवून कमी दाबाच्या कक्षांत सोडतात. दाब कमी असला की पाणी शंभर अंशांपूर्वीच उकळते, त्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. दुसऱ्या पद्धतीत, म्हणजे आर.ओ.मध्ये, मोठ्या दाबाने पाणी सूक्ष्म पडद्यातून पलीकडे ढकलले जाते. दोन्ही पद्धतींत पाण्याचा रेणू मोडत नाही. मिश्रणातील घटक वेगळे केले जातात, इतकेच. म्हणून हा भौतिक बदल होय.

आणखी एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. असे क्षाररहित पाणी जसेच्या तसे नळाला सोडत नाहीत. ते नळांना गंज आणते व चवीलाही बेचव लागते. म्हणून त्यात चुनखडीसारखी खनिजे ठरावीक प्रमाणात मिसळतात आणि जंतुनाशासाठी क्लोरीन घालतात. रसायनतज्ज्ञाचे शुद्ध पाणी वेगळे आणि पिण्यास योग्य पाणी वेगळे, हा भेद येथे आपोआप समजतो.

त्याच जेबेल अलीत १९७९ पासून ॲल्युमिनियमचा मोठा कारखाना चालू आहे. तेथे ॲल्युमिना हा पदार्थ सुमारे ९६० अंश सेल्सिअस तापमानाच्या वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये विरघळवून त्यातून वीज सोडतात. ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा बंध तुटतो, धातू तळाशी जमतो आणि ऑक्सिजन कार्बनच्या विद्युतअग्राशी संयोग पावून प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइड होतो. येथे जुना पदार्थ नाहीसा होऊन नवे पदार्थ निर्माण झाले. हा रासायनिक बदल होय. भौतिक आणि रासायनिक बदलांची दोन भव्य उदाहरणे एकाच परिसरात उभी असताना आमची मुले मेणबत्ती आणि बर्फ यांची उदाहरणे घोकत बसतात, हे खेदजनक आहे.

हे ज्ञान केवळ शाळेपुरते नाही. आपल्यापैकी अनेकजण गावाकडे पैसे पाठवून घर बांधतात, कूपनलिका खोदतात. यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड जिल्ह्यांतील काही गावांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक असल्याने दात पिवळे-तपकिरी होणे, हाडे व सांधे ताठरणे असे विकार आढळले आहेत. भारतीय मानकानुसार एक लिटर पाण्यात फ्लोराइड एक मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालते. असे पाणी दिसावयास स्वच्छ असते, त्यास वास नसतो, चवही वेगळी नसते. ते उकळून प्यावे म्हटले तर फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढतेच. उकळल्याने जंतू मरतात, विरघळलेले क्षार नव्हेत. मिश्रण आणि द्रावण म्हणजे काय हे ज्यास कळले, तो मुलगा आपल्या आजोबांना पत्राने वा फोनवर म्हणेल, की आजोबा, पाणी आधी तपासून घ्या. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्यांच्या ठिकाणी आहेत. एका बाटलीची तपासणी ही कूपनलिकेच्या खर्चापुढे नगण्य बाब आहे.

मग हे शिकवावयाचे कोणी? आमचे उत्तर स्पष्ट आहे : आपणच. आपल्या समाजातील कित्येक बांधव जलशुद्धीकरण, ॲल्युमिनियम, सिमेंट, रंग आणि तेलशुद्धीकरण यांच्या कारखान्यांत कामास आहेत. कोणी आय.टी.आय. झालेले, कोणी पदविकाधारक. पाण्याची वाहकता मोजणे, आम्लता तपासणे, झडपा सांभाळणे हे त्यांचे रोजचे काम. तरीही 'मला काय येते, मास्तरांना विचार' असे सांगून ते मुलाचा प्रश्न परतवून लावतात. हा संकोच सोडावयास हवा. घरातील भगिनींच्या हातीही प्रयोगशाळा आहेच. हळदीचा डाग साबणाने लाल होतो आणि लिंबाने पुन्हा पिवळा होतो. खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळले की फसफसून वायू बाहेर पडतो. आम्ल आणि आम्लारी यांचा याहून चांगला पाठ कोणता?

भाषेचीही एक अडचण आहे. येथील अनेक भारतीय शाळांत मुले विज्ञान इंग्रजीतून शिकतात आणि जोडीला हिंदी घेतात. मराठीत 'अणू' म्हणजे ॲटम आणि 'रेणू' म्हणजे मॉलिक्यूल. हिंदीत मात्र ॲटमला 'परमाणु' आणि मॉलिक्यूलला 'अणु' म्हणतात. वडील एक सांगतात, मूल दुसरेच समजते. यावर उपाय मराठी सोडणे हा नव्हे. वस्तू समोर ठेवून तिन्ही नावे सांगावीत. वस्तू कळली की नावे गोंधळात पाडीत नाहीत.

म्हणून आमची सूचना अशी, की मंडळाच्या मासिक एकत्रीकरणातील एक तास मुलांसाठी राखून ठेवावा. जानेवारी २०२२ पासून बहुतेक अमिरातींत शनिवार-रविवार सुट्टी असल्याने ते अशक्य नाही. दर वेळी एका बांधवाने वा भगिनीने आपल्या कामातील अथवा स्वयंपाकघरातील एकच पदार्थ घेऊन त्याविषयी मराठीत बोलावे. पाठांतर नको, गुण नकोत, प्रश्न मात्र हवेत. प्रारंभ पेलाभर पाण्याने करावा. त्यात काय आहे, किती आहे आणि हे तुला कसे कळले, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय ज्या मुलास लागेल, त्याचे गुण वाढतील न वाढतील. परंतु कोणाच्या सांगण्यावरून तो पाण्याला वा माणसाला अशुद्ध म्हणणार नाही.