विश्लेषण : अन्नातील जिवाणू शोधणारा, स्वतःच वीज बनवणारा सेन्सर काय आहे?

नासलेले दूध वासावरून कळते. पण साल्मोनेला किंवा ई. कोलाय असलेल्या अन्नाला बहुतेकदा ना वास येतो, ना चव बदलते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ मधील अंदाजानुसार दूषित अन्नामुळे जगात दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार मृत्यू होतात. यातील सुमारे ३० टक्के मृत्यू पाच वर्षांखालील मुलांचे असतात.

आताच्या तपासणीत अडचण काय?

वेळ. प्रयोगशाळेत नमुन्यातील जिवाणू वाढवून ओळखायला दोन ते पाच दिवस जातात. पीसीआर चाचणी काही तासांत होते, पण त्यासाठी महागडे यंत्र, वीज आणि प्रशिक्षित माणूस लागतो. अन्नसुरक्षा कायद्यानुसार विश्लेषकाला अहवालासाठी १४ दिवसांची मुदत आहे. दूध मात्र त्याच दिवशी घरोघरी पोहोचलेले असते.

हा सेन्सर चालतो कसा?

एका प्रकारात छोटा जैवइंधन घट असतो. त्यातील विकर ग्लुकोजचे विघटन करते, इलेक्ट्रॉन सुटतात आणि वीज तयार होते. इलेक्ट्रोडवर अ‍ॅप्टामर, म्हणजे ठरावीक जिवाणूलाच चिकटणारे डीएनएचे तुकडे, बसवलेले असतात. जिवाणू तिथे अडकला की इलेक्ट्रॉनची वाट अडते आणि वीज घटते. ही घट हाच इशारा. म्हणजे वीज हीच सेन्सरची ऊर्जा आणि वीज हेच उत्तर. वेगळी बॅटरी नको. काही रचनांत हीच वीज प्रकाशातून किंवा घर्षणातून मिळवली जाते.

ही कल्पना नवी आहे का?

नाही. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील संशोधकांनी २००१ मध्येच ग्लुकोज आणि लॅक्टेट ओळखणारा असा सेन्सर मांडला होता. घर्षणातून वीज देणारा नॅनोजनरेटर २०१२ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया टेकमध्ये तयार झाला.

मग बाजारात का दिसत नाही?

प्रयोगशाळेतील स्वच्छ द्रावण वेगळे आणि दूध वेगळे. दुधातील स्निग्धांश व प्रथिने इलेक्ट्रोडवर बसली, तर जिवाणू नसतानाही वीज घटू शकते. विकरे उष्णतेत टिकत नाहीत. मेलेला जिवाणूही अ‍ॅप्टामरला चिकटू शकतो. शिवाय अनेक पदार्थांसाठी निकष ‘२५ ग्रॅममध्ये एकही साल्मोनेला नको’ असा आहे. सेन्सरवर टाकलेल्या थेंबभर नमुन्यात तो सापडेलच असे नाही.

पुढे काय?

हा सेन्सर प्रयोगशाळेची जागा घेणार नाही. पण संशयित टँकर दूध संकलन केंद्रावरच बाजूला काढता आला, तरी मोठे काम होईल. त्यासाठी संशोधकांनी शुद्ध द्रावणातील आकड्यांवर न थांबता खऱ्या दुधात, मांसात आणि आपल्याकडच्या मे महिन्यातील उन्हात सेन्सर तपासायला हवेत. नियामकांनीही अशा प्राथमिक चाचण्यांचे निकष आताच ठरवायला हवेत. अहवाल अचूक असून उपयोग नाही, तो घोट घेण्याआधी यायला हवा.