दिवाळी, डॉलर आणि डिस्काउंट

चांगला कॅमेरा घ्यायचं डोक्यात आलं की मराठी माणूस पहिला फोन दुकानदाराला करत नाही. तो न्यू जर्सीतल्या भावाला करतो. "डिसेंबरमध्ये येतोयस ना? येताना एक बॉडी आणशील का रे? तिकडे स्वस्त मिळते!" दुसरा फोन दुबईतल्या मित्राला. तिसरा मुंबईत फोर्टला नोकरी करणाऱ्या कुणाला तरी, 'बोरा बाजारात जरा भाव काढ ना' म्हणून. आणि एवढं सगळं झाल्यावर आपण ठरवतो काय? तर, 'जाऊ दे, दिवाळीपर्यंत थांबू. उतरेलच किंमत!'

ओळखीचं वाटतंय? वाटणारच. दीड-दोन लाखांचा फुलफ्रेम कॅमेरा म्हणजे गंमत नाही, बॉस. पुण्यात आयटीत असलात तरी खिशाला चांगलीच कात्री लागते. आणि ज्याचं पोटच कॅमेऱ्यावर आहे, त्याचं काय?

माझा मावसभाऊ राहतो होटगीला. सोलापूरपासून जेमतेम पंधराएक किलोमीटर. रेल्वेवाल्यांना होटगी जंक्शन पक्कं ठाऊक असतं. इथून एक लाइन वाडीकडे जाते, दुसरी विजयपूर-गदगकडे. भाऊ लग्नाचे, बारशाचे फोटो काढतो आणि थंडीत वेळ मिळाला की लांब लेन्स घेऊन होटगीच्या तलावावर पक्ष्यांच्या मागे असतो. लगीनसराईच्या तोंडावर त्याचा फोन आला. "दादा, अमेरिकेत लई स्वस्त मिळतंय म्हणं की. तुझ्या कंपनीतलं कोण येणारंय का बघ की." म्हटलं, बघतो. आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. जे दिसलं ते भन्नाट होतं!

आधी टॅक्स बाजूला काढा

उदाहरण घेऊ नायकॉन डी८५०चं. ऑगस्ट २०१७मध्ये हा कॅमेरा जाहीर झाला. अमेरिकेत नुसत्या बॉडीची किंमत ३,२९९.९५ डॉलर, भारतात २,५४,९५० रुपये. तेव्हा डॉलर होता ६४ रुपयांच्या आसपास. म्हणजे अमेरिकेतली किंमत झाली सुमारे २ लाख ११ हजार. सरळ ४४ हजारांचा फरक! लूट आहे लूट, असं कुणीही म्हणेल.

पण थांबा. अमेरिकेतल्या किमतीत टॅक्स धरलेला नसतो. तो बिल करताना वर लागतो आणि राज्याराज्यात वेगळा असतो. आपल्याकडे मात्र एमआरपीमध्ये सगळे टॅक्स आधीच आलेले असतात. आणि २०१७मध्ये डिजिटल कॅमेऱ्यावर जीएसटी होता तब्बल २८ टक्के. तो बाजूला काढा. उरतात १ लाख ९९ हजार. म्हणजे टॅक्सशिवाय बघितलं तर हाच कॅमेरा भारतात बारा हजारांनी स्वस्त होता! जी काही महागाई दिसत होती, ती कंपनीने लावलेली नव्हती, सरकारी होती.

आता भावाच्या बॅगेचा हिशेब. न्यू जर्सीचा सेल्स टॅक्स तेव्हा ६.८७५ टक्के. तो धरून कॅमेरा पडला साधारण २ लाख २५ हजारांना. २०१६च्या बॅगेज नियमांत प्रवाशाला ५० हजारांपर्यंतच्या सामानावर सूट होती, त्यावरच्या रकमेवर ड्युटी सुमारे ३६ टक्के. मूळ किंमत धरली तरी ५८ हजारांच्या घरात जाते. बेरीज करा. पावणेतीन लाखांच्या वर! इमानदारीत आणलेला 'स्वस्त' कॅमेरा सोलापुरातल्या दुकानापेक्षा महाग. राहिला प्रश्न ग्रीन चॅनलमधून मान खाली घालून निघून जाण्याचा. तर तो बचतीचा मार्ग नाही, जुगार आहे. आणि डाव लागतो भावाच्या नावावर. (सूट आणि ड्युटीचे आकडे बदलत असतात. विमानात बसण्याआधी कस्टम्सचे ताजे नियम जरूर बघा.)

एक जानेवारीची कमाल

गेल्या काही वर्षांतला कॅमेऱ्यांचा सगळ्यात मोठा डिस्काउंट कुठल्याही सेलमध्ये मिळाला नाही. तो जीएसटी कौन्सिलने दिला. डिसेंबर २०१८च्या बैठकीत ठरलं आणि १ जानेवारी २०१९पासून डिजिटल कॅमेरे २८ टक्क्यांतून १८ टक्क्यांत आले. आता दहा टक्के टॅक्स कमी झाला म्हणजे किंमत दहा टक्क्यांनी उतरली का? नाही. १२८ रुपयांची वस्तू ११८ला आली, म्हणजे घट ७.८ टक्क्यांची. एक लाखाच्या कॅमेऱ्यावर सुमारे ७,८०० रुपये. आणि हा फायदा मुंबईत जेवढा, तेवढाच होटगीत.

ही गोष्ट वाटते तेवढी साधी नाही. होटगीला एके काळी ब्रॉडगेज आणि मीटरगेज भेटायच्या. गेज बदलली की माल एका डब्यातून उतरवायचा, दुसऱ्यात चढवायचा, आणि दर वेळी खर्च वाढायचा. जीएसटीआधी आपल्या बाजारभावाचं तेच होतं. राज्याच्या हद्दीवर सीएसटी, राज्यात व्हॅट, शहराच्या वेशीवर जकात, नंतर काही महापालिकांत एलबीटी. मुंबईत तर जकात ३० जून २०१७पर्यंत होती. त्यामुळे एकाच कॅमेऱ्याचा भाव गावागणिक बदलायचा आणि 'माझा एक माणूस आहे तिकडे' असं म्हणणाऱ्याला फार भाव मिळायचा. आता देशभर टॅक्सची गेज एकच. त्यात ऑनलाइन खरेदी. बिलासकटच्या किमतीत मुंबई, दिल्ली, सोलापूर यांच्यात फारसा फरक राहिलेला नाही. राहिला असेल तर तो कार्ड, बॅग, कॅशबॅक, जुन्या कॅमेऱ्याचा एक्स्चेंज बोनस अशा गोष्टींत. आणि तिथे ओळखीचा सोलापूरचा दुकानदार तुम्हाला बोरा बाजारापेक्षा जास्त देऊ शकतो. दुकानात एमआरपीवर घासाघीस करू नका, 'एमओपी काय?' असं विचारा. ज्या भावाने माल खरोखर विकला जातो तो हा. दुकानदार लगेच ओळखतो की गिऱ्हाईक तयारीनं आलंय!

'बिलाशिवाय पाच हजार कमी!'

एवढं असूनही कुणी तुम्हाला बाजारभावापेक्षा खूपच कमी किंमत सांगत असेल तर समजा, मामला ग्रे आहे. म्हणजे माल अस्सल, पण आला दुसऱ्याच वाटेने. बहुतेक कंपन्यांची बॉडीवरची वॉरंटी त्या त्या देशापुरती असते. सेन्सर गेला, शटर अडकलं, की सर्व्हिस सेंटरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "बिल?" मग दुकानदाराची 'शॉप वॉरंटी' किती दिवस टिकते ते तुम्हीच बघा. जपानमधून आणणाऱ्यांसाठी आणखी एक मजा. २०२४मध्ये डॉलरला १६० येनपर्यंत घसरण झाली, पर्यटकांना तिथला १० टक्के कंझम्प्शन टॅक्सही माफ. त्यामुळे टोकियोतले भाव बघून तोंडाला पाणी सुटणारच. पण सोनीच्या खास जपानपुरत्या विकल्या जाणाऱ्या अनेक मॉडेल्समध्ये मेनू फक्त जपानीत असतो! लग्नात अक्षता पडायला लागल्यावर व्हाइट बॅलन्स शोधत बसणार का?

आणि भावासारख्या धंदेवाल्यांनो, बिलाचा अजून एक अर्थ आहे. तुमचं जीएसटी रजिस्ट्रेशन नियमित योजनेत असेल, तर दीड लाखाच्या कॅमेऱ्यातला टॅक्स म्हणजे सुमारे २२,९०० रुपये इनपुट क्रेडिट म्हणून वळते करता येतात. बिलावर आपला जीएसटी नंबर टाकून घ्यायचा, बस्स. सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, मग क्रेडिटही नाही. पण इन्शुरन्स, बँकेचं कर्ज, पुढे विकायची वेळ, या तिन्ही ठिकाणी कागद लागतोच. पाच हजार वाचवून हे सगळं सोडायचं?

थांबलं की स्वस्त मिळतं?

हा आपला जुना भरवसा. आणि तो खोटा नव्हता. १९९९मध्ये नायकॉन डी१ आला तेव्हा पावणेतीन मेगापिक्सेलसाठी पाच हजारांच्या वर डॉलर मोजावे लागत. २००३मध्ये कॅननचा ३००डी आला, बॉडी ८९९ डॉलर! २००५मध्ये फुलफ्रेमचा ५डी ३,२९९ डॉलरला होता, २०१३मध्ये सोनीचा पहिला ए७ निम्म्या किमतीत, १,६९९ डॉलरला आला. तेव्हा थांबणारा शहाणा ठरायचा.

मग मोबाइलने गणित उलटं केलं. जपानी कंपन्यांच्या संघटनेच्या, सिपाच्या आकड्यांनुसार २०१०मध्ये जगभर १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे दुकानांकडे रवाना झाले. २०२३मध्ये? ८० लाखांच्याही आत. स्वस्तातले कॅमेरे मोबाइलने खाल्ले. कंपन्यांनी उरलेल्या शौकिनांसाठी महागडे कॅमेरे काढायला घेतले. सोनीचा ए७ थ्री २०१८मध्ये २,००० डॉलरला आला, ए७ फोर २०२१मध्ये २,५०० डॉलरला. नवी पिढी स्वस्त नाही, महाग येते! फुजीचा एक्स१००व्ही तर २०२२-२३मध्ये सोशल मीडियावर इतका गाजला, की वापरलेला पीस नव्याच्या किमतीच्या वर विकला जात होता. वाट बघणारे बघतच राहिले.

रुपया हाही एक खेळाडू आहे. ऑगस्ट २०१३मध्ये डॉलर ६८ रुपयांच्या पुढे गेला होता, त्याच वर्षाच्या सुरुवातीला तो ५५च्या आसपास होता. अशा वेळी कंपनीने उतरवलेली किंमत रुपया खाऊन टाकतो. आणि अमेरिकाही पूर्वीची राहिली नाही. तिथल्या नव्या आयात करांमुळे नायकॉनने २३ जून २०२५पासून तिकडच्या किमती वाढवल्या. भावाला सांगा, बॅगेत चॉकलेटंच आण.

मग किंमत उतरते तरी कधी? पुढचं मॉडेल दारात आलं की मागच्याची. दिवाळीला मिळतो तो बहुधा काही महिन्यांपुरता कॅशबॅक. पण उत्तराधिकारी आल्यावर उतरलेली किंमत सहसा परत चढत नाही. आणि एक मोठी संधी आत्ताच समोर आहे. २०१८मध्ये कॅननने आरएफ आणि नायकॉनने झेड माउंट आणला, सगळं जग मिररलेसकडे वळलं. त्यामुळे चांगले डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्सेस सेकंडहँड बाजारात बऱ्याच खाली आल्यात. ज्या डी८५०साठी २०१७मध्ये अडीच लाख मोजावे लागत, तो काही आज फोटो वाईट काढत नाही! फक्त शटर काउंट बघून घ्या. या कॅमेऱ्याचं शटर दोन लाख क्लिक्ससाठी तपासलेलं आहे. पन्नास हजार झाले असतील तर घोडा तरणा आहे, पावणेदोन लाख झाले असतील तर नमस्कार करून निघा.

मीटर चालूच असतो

भावाला मी शेवटी हा हिशेब सांगितला. समजा, दीड लाखाचा कॅमेरा थांबल्यावर बारा हजारांनी उतरणार आहे. तोपर्यंत लग्नासाठी कॅमेरा भाड्याने आणायचा. भाडं समजा दिवसाला दीड हजार. आठ दिवसांत बारा हजार गेले! नववं लग्न खिशातून. आणि जुन्या बॉडीवर रात्रीच्या वरातीचे फोटो खराब आले, पुढची ऑर्डर दुसऱ्याला गेली, तर तो आकडा कुठल्या कॅल्क्युलेटरवर मांडायचा? गावात फोटोग्राफरची जाहिरात म्हणजे आधीच्या लग्नाचा अल्बम.

पलीकडे दोन मिनिटं शांतता. मग म्हणाला, "म्हंजे दादा, थांबायचं ते तुम्ही लोकांनी. आम्हाला परवडत नाही."

बरोबर पकडलं पठ्ठ्याने! शौकासाठी घेणाऱ्याने खुशाल थांबावं. त्याचं नुकसान एवढंच, की लडाखची ट्रिप मोबाइलवर निघेल. पण कॅमेरा ज्याच्या घरात पैसे आणतो, त्याच्यासाठी किमतीची घसरण ही बातमी आहे, बेत नाही. त्याने काम हातात असताना घ्यावा, पक्क्या बिलावर घ्यावा, आणि घेतल्यावर महिनाभर तरी नवे भाव बघू नयेत. त्रास होतो!

जाता जाता

परदेशातली किंमत बघताना दोन्हीकडचा टॅक्स काढून तुलना करा. बजेट मर्यादित असेल तर बॉडी एक पिढी जुनी घ्या आणि पैसा लेन्सवर घाला, बॉडीची किंमत लवकर पडते, चांगली लेन्स भाव धरून राहते. दुकानातून निघण्याआधी बॉक्सवरचा, बॉडीवरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर जुळवा. आणि हो, वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्यायला विसरू नका. हॅपी क्लिकिंग!