किल्ली आधी, नोटीस नंतर



आपल्या ओळखीतल्या लेकीसुना घर घ्यायला निघाल्या की एक प्रश्न हमखास येतो. "काकू, भाड्याच्या घराची नोटीस कधी द्यायची?" माझं उत्तर ठरलेलं आहे: नव्या घराची किल्ली हातात आल्यावर. मग लगेच पुढचा प्रश्न, "म्हणजे महिनाभर भाडंही भरायचं आणि हप्ताही?" हो, दोन्ही भरायचं. आणि ते आधीच हिशेबात धरायचं.

बँकेचं मंजुरीपत्र आलं की घर झालंच असं मुलांना वाटतं. मंजुरीपत्र म्हणजे पैसे नव्हेत, आणि पैसे दिले म्हणजे ताबा नव्हे. मध्ये सर्च रिपोर्ट, मूल्यांकन, सोसायटीची एनओसी, करारनामा नोंदवणं, मग बँकेचा चेक अशा पायऱ्या असतात. यातली एकही आपल्या हातात नसते. एजंट "पंधरा दिवसांत ताबा" म्हणतो, पण उशीर झाला तर त्याचं काही जात नाही.

माझ्या भाचीचं पुण्यातलं उदाहरण सांगते. रीसेलचा फ्लॅट, करारनामा नोंदवला आणि त्याच दिवशी तिने घरमालकांना महिन्याची नोटीस दिली. विकणाऱ्याचं जुनं कर्ज बाकी होतं. म्हणून भाचीच्या बँकेने आधी ते कर्ज फेडलं. मूळ कागद मिळेपर्यंत उरलेली रक्कम बँक सोडेना, आणि पूर्ण रक्कम मिळेपर्यंत विकणारे किल्ली देईनात. दोघांचंही बरोबरच होतं. रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे. चांगलाच आहे, पण आपल्यासाठी त्याचा अर्थ काय? बँकेने नियम तंतोतंत पाळला तरी महिना जाऊ शकतो. भाचीचा नोटिशीचा महिना तसाच गेला. घरमालकांनी पुढच्या कुटुंबाकडून टोकन घेतलं होतं, त्यांना तरी कसं थांबवणार?

सामान गोडाऊनमध्ये, भाची दोन मुलांना घेऊन सासऱ्यांच्या दोन खोल्यांत, जावई मित्राकडे. असे २६ दिवस काढले. आता हिशेब बघा, मी शेवटी कॉमर्सवाली. एका महिन्याचं भाडं वाचलं २२,०००. जास्तीचा टेम्पो आणि हमाल १४,०००, गोडाऊन ८,०००, ओढाताणीत मोडलेल्या कपाटाची दुरुस्ती ४,५००. एकूण २६,५००. एकदाचा टेम्पो कसाही लागणारच होता, तो मी धरलेलाच नाही. मोठ्या मुलाची परीक्षा, सासूबाईंचे गुडघे आणि सूर्यास्ताआधी सगळ्यांची पानं वाढण्याची रोजची धावपळ याची नोंद कुठल्या खात्यात करणार?

म्हणून घराच्या बजेटमध्ये स्टँप ड्युटी आणि नोंदणी फीच्या खाली दीड महिन्याचं भाडं अशी एक ओळ लिहाच. हप्ता बहुधा पैसे दिल्यानंतरच्या महिन्यात सुरू होतो, त्यामुळे दुहेरी ओझं वाटतं तेवढं लांबत नाही. आणि एक गोष्ट आपल्या घरांत अजून कोणी मनावर घेत नाही. महाराष्ट्रात राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टँप ड्युटीत १ टक्का सवलत आहे. ६० लाखांच्या फ्लॅटवर ते ६०,००० होतात, म्हणजे भाचीच्या भाड्याने पावणेतीन महिने. पण भाड्याच्या घराचं डिपॉझिट मात्र नव्या घराच्या रकमेत मोजू नका. ते घर सोडल्यावर मिळतं, नोंदणीचे पैसे त्याच्या आधी लागतात.

बिल्डरकडून नवं घर असेल तर तारीख महारेराच्या वेबसाइटवर बघा, जाहिरातीत नाही. भोगवटा प्रमाणपत्र आल्याशिवाय राहायला जाऊ नका. काही जण त्याआधीच "फिटआउटसाठी" किल्ली देतात, ती सुतारकामापुरती धरा. त्या किल्लीवर नोटीस देऊ नका.

आता उलटी अडचण. अकरा महिन्यांचा करार संपतोय आणि नवं घर तयार नाही. अशा वेळी "आपलेच लोक आहेत, राहू थोडे दिवस" असं तोंडी ठेवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर दुप्पट दराने भरपाई मागता येते. घरमालकांशी बोलून तीन-चार महिन्यांचा छोटा करार करा. अकराच महिन्यांचा हवा असा काही नियम नाही, आणि नोंदणी ऑनलाइनही होते. मालक अकराच म्हणाले तर लॉक-इनचं कलम काढायला सांगा. सहीपूर्वी ते एक कलम वाचलं तरी पुष्कळ झालं.

मुहूर्ताबद्दलही बोलायला हवं, कारण निम्म्या घाईचं कारण तेच असतं. आषाढ जवळ आला की घरोघरी सुरू होतं, चातुर्मास लागायच्या आत आत जाऊ. त्यासाठी कागद अर्धवट असताना नोटीस दिली जाते. साधू-साध्वी पावसाळ्यात एका ठिकाणी थांबतात ते जीवजंतूंची हिंसा होऊ नये म्हणून. त्यातून आपण घाई शिकावी हे मला पटत नाही. ताबा आधी मिळाला असेल तर चांगल्या दिवशी कलश ठेवा, विधान करा, सामान सोयीने न्या. ताबा मिळाला नसेल तर कार्तिकापर्यंत थांबा. महाराजांना विचारा, तेही घाई करायला सांगणार नाहीत असं मला वाटतं.

घरमालकांना शेवटपर्यंत काहीच सांगायचं नाही असं काही जणी सुचवतात. ते मला आवडत नाही. "घर बघतोय, तारीख नक्की झाली की लेखी नोटीस देऊ" एवढं आधी सांगावं. त्यांचाही हप्ता असतो, काहींचं तर म्हातारपण त्या भाड्यावर चालतं. आणि शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं न देता "डिपॉझिटमधून कापून घ्या" म्हणणं, हे तर मला सरळ अचौर्य व्रताच्या विरुद्ध वाटतं. डिपॉझिट मोडतोड आणि वीजबिलासाठी असतं. मालक स्वतःहून कबूल झाले तर गोष्ट वेगळी, तेही व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्यावं.

दुहेरी भाड्याचा महिना वाया जातो असंही नाही. रिकाम्या घरात रंगारी आणि सुतार आठवड्यात उरकतात. ट्रॉल्या, जाळ्या, देव्हारा सगळं बसून होतं. सामान भरल्यावर त्याच कामाला तीन आठवडे लागतात, आणि लाकडाचा भुसा रोज कणकेत येतो.